क्वालालंपूरला पेपर कोणता लावायचा?

नोकरीसाठी क्वालालंपूरला आलेली मराठी मंडळी घर लागलं की विचारतात: ‘द स्टार’ लावू की ‘न्यू स्ट्रेट्स टाइम्स’? दोन्ही इंग्रजी, दोन्ही टॅब्लॉइड आकाराचे. माझं म्हणणं, आधी मालक बघा.

‘स्टार’ १९७१ साली पेनांगमध्ये स्थानिक पेपर म्हणून निघाला. पुढच्या काही वर्षांतच तो एमसीए या मलेशियन चिनी समाजाच्या पक्षाकडे गेला. ‘न्यू स्ट्रेट्स टाइम्स’चं मूळ १८४५च्या सिंगापुरातलं. १९७०च्या दशकात मलेशियातली आवृत्ती वेगळी झाली आणि अम्नो या मलय समाजाच्या पक्षाच्या गोटात आली.

खरी मेख इथे आहे. अम्नो आणि एमसीए दोघेही बारिसान नासिओनाल या आघाडीचे, आणि २०१८पर्यंत देशावर सत्ता याच आघाडीची. दोन पेपरांत चुरस होती ती खपाची आणि जाहिरातींची. सरकारला जाब विचारण्यात कुणाला पुढे जायचं नव्हतं.

आणि मालक सत्तेत असला म्हणून पेपर सुरक्षित, असंही नाही. १९८४च्या कायद्याने छापील पेपरला गृहखात्याचा परवाना लागतो. ऑक्टोबर १९८७मध्ये ‘ऑपरेशन लालांग’ नावाच्या सरकारी धरपकडीत ‘स्टार’, चिनी ‘सिन च्यू जित पोह’ आणि मलय ‘वातान’ यांचे परवाने काढून घेतले. ‘स्टार’ थेट मार्च १९८८मध्ये पुन्हा दिसला. दरवर्षी परवाना नवा करून घेण्याची अट २०१२मध्ये गेली, परवाना मात्र राहिला. २०१५मध्ये १एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीतल्या घोटाळ्याच्या बातम्यांवरून ‘द एज’ या अर्थविषयक समूहाची दोन प्रकाशनं तीन महिन्यांसाठी बंद केली होती, कोर्टाने तो आदेश रद्द केला. पैशाच्या व्यवहारात रस असेल तर ‘द एज’ घ्याच.

आता घरच्या वापराचं. ‘स्टार’ची मेट्रो पुरवणी मला मनापासून आवडते: तुंबलेली गटारं, पार्किंगची भांडणं, पालिकेकडे गेलेल्या तक्रारी. नव्या शहरात रुळायला याहून चांगलं वाचन नाही. सरकारचं धोरण सरकारच्याच सुरात ऐकायचं असेल तर ‘न्यू स्ट्रेट्स टाइम्स’. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एमसीएच्या वार्षिक अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही अंक टेबलावर शेजारी ठेवा आणि कुणी किती कॉलम दिलेत ते मोजा.

राजकारणासाठी मात्र दोन्हींवर विसंबू नका. १९९९पासून चालणारं ‘मलेशियाकिनी’ फक्त ऑनलाइन, त्यामुळे छपाईचा परवाना त्याला लागत नाही, आणि वाचकांची वर्गणी हा त्याचा मोठा आधार. २०२१मध्ये वाचकांच्या प्रतिक्रियांवरून कोर्टाने त्याला पाच लाख रिंगिटचा दंड केला. वाचकांनी काही तासांत तेवढे पैसे उभे केले. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मलय येत असेल तर ‘उतुसान मलेशिया’ही विचारात घ्याल. १९३९ साली सुरू झालेल्या ‘उतुसान मेलायू’चा हा वारसदार २०१९मध्ये बंद पडला आणि २०२०मध्ये परत निघाला, पण आता त्यामागे उद्योगपती सय्यद मुख्तार अल्बुखारी यांच्याशी निगडित कंपनी आहे. ‘न्यू स्ट्रेट्स टाइम्स’ आणि मलय ‘बेरिता हारियान’ चालवणाऱ्या मीडिया प्रिमामध्येही त्यांच्याच कंपनीचा मोठा हिस्सा. नावं तीन दिसली, तरी पैसा कुठून येतो ते लक्षात ठेवा.

माझ्याकडे सध्या कागदावर ‘स्टार’ येतो आणि ‘मलेशियाकिनी’ची वर्षाची वर्गणी भरलेली आहे. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.