स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि डंबेलची जोडी: अडकलेलं वजन पुन्हा हललं, त्याचा अनुभव

पहिले काही महिने वजन भराभर उतरतं आणि मग एका आकड्यावर ठाण मांडून बसतं, तिथून हलायचं नावच घेत नाही. सध्या या अवस्थेत असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. माझी उंची १५८ सेंटीमीटर, वय चाळिशीच्या पुढे, बैठी नोकरी, घरात पाच माणसं आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकच. साखर बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि संध्याकाळचं चालणं एवढ्यावर मी ७९ किलोंवरून ७१ वर आले आणि तिथेच थांबले. चालणं तेच, जेवण तेच, पण आकडा जागचा हलेना. त्यानंतर घरात दोन वस्तू आल्या. एक, ओट्यावर ठेवायचा डिजिटल वजनकाटा. दुसरी, प्लेटा कमी-जास्त करता येणाऱ्या डंबेलची जोडी. त्या वापरायला लागून आता वर्ष होत आलं. वजन ६५ च्या आसपास आहे, कंबर ९४ सेंटीमीटरवरून ८२ वर आली आहे. दोन्हींपैकी एकच वस्तू निवडायला सांगितली, तर मी वजनकाटा निवडेन.

वजन का अडकतं, हे कळल्याशिवाय काट्याचं महत्त्व पटत नाही. विश्रांतीत शरीराला किती ऊर्जा लागते हे काढायला आहारतज्ज्ञ मिफ्लिन-सेंट जोर हे १९९० सालचं सूत्र वापरतात. त्यात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० कॅलरी धरल्या आहेत. म्हणजे माझे ८ किलो उतरले तेव्हा नुसतं पडून राहण्याचा खर्चच दिवसाला ८० कॅलरींनी घटला. अंग हलकं झालं की तेवढंच अंतर चालायला ऊर्जाही कमी पुरते. शिवाय कमी खाणारं शरीर आपल्या नकळत उठबस आवरतं घेतं, एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही. सगळं धरून माझ्या बाबतीत फरक दीडशे-दोनशे कॅलरींचा निघाला. सुरुवातीला ज्या जेवणावर वजन उतरत होतं, तेच जेवण आता वजन टिकवायला पुरेसं झालं होतं. पहिल्या महिन्याचा वेग बघून पुढचं गणित मांडू नये, याचं आणखी एक कारण आहे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. सुरुवातीला उतरतं त्यात हे पाणी बरंच असतं, आणि ते पुन्हा पुन्हा उतरणार नाही.

आता दीडशे-दोनशे कॅलरी म्हणजे डोळ्यांना किती दिसतात? चहाचे चार चमचे तेल. किंवा चहासोबतची ३५ ग्रॅम शेव. पाच माणसांच्या कढईत तेलाची धार अर्धा सेकंद जास्त पडली, तर कुणाच्याही नजरेला ते कळणार नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कचा एक अभ्यास छापून आला होता. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारी माणसं त्यात घेतली होती. प्रत्यक्ष मोजल्यावर त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि चयापचय सगळ्यांचा ठीकठाक होता. माणसाच्या अंदाजाची धाव एवढीच असते, त्यात कुणाचा खोटेपणा नाही.

काट्याचा खरा उपयोग मला तेलासाठी झाला आणि त्याची रीत अगदी सोपी आहे. तेलाची बाटली काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, फोडणीला तेल ओतायचं आणि बाटली परत काट्यावर ठेवायची. काटा उणे २६ दाखवतो, म्हणजे कढईत २६ ग्रॅम तेल गेलं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २३४. वाटी नाही, चमचा नाही, एकही जास्तीचं भांडं घासायला पडत नाही. तुपाची बरणी, दाण्याच्या कुटाचा डबा, ओल्या खोबऱ्याची वाटी, सगळ्याला हीच रीत चालते. कुटाकडे विशेष लक्ष द्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि आपल्याकडे कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत कूट कशात नसतं? आमच्या घरी आधी मुठीनं पडायचं. आता पाच माणसांच्या भाजीला ४० ग्रॅम पडतं आणि चव कुणाला कमी वाटलेली नाही.

एकत्र स्वयंपाकात आपल्या वाट्याचा हिशेब कसा लावायचा, हा पुढचा प्रश्न. माझी पद्धत अशी: घरातल्या नेहमीच्या कढया-पातेल्यांची रिकामी वजनं एकदाच करून कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. भाजी शिजली की कढईसकट वजन करायचं, कढईचं वजन वजा करायचं, उरली ती भाजी. ती ९०० ग्रॅम भरली आणि मी १८० घेतली, तर आत गेलेल्या सगळ्या जिनसांचा पाचवा हिस्सा माझा. भाकरीला तर याहून सोपं. पीठ कोरडं असतानाच मोजायचं आणि सारखे उंडे करायचे. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाची भाकरी साधारण १७० कॅलरींची होते. भाताला तांदूळ कच्चेच मोजावेत, कारण शिजलेल्या भातात पाणी किती राहिलं यावर त्याचं वजन ठरतं. पदार्थांचे आकडे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांमधून घेते. आपल्याकडची धान्यं, डाळी, पालेभाज्या त्यात आहेत. परदेशी ॲपमध्ये 'आमटी एक वाटी' शोधली तर दहा वेगवेगळे आकडे येतात, त्या नादी लागू नये.

सासूबाईंना हे सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. "मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही गं," असं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, तुमच्या ताटातलं नाही मोजत, माझ्यापुरतंच मोजते." त्यांना स्वतःला मधुमेह आहे. डॉक्टरांनी भात बेताचा घ्या असं सांगितलेलं होतं, पण बेताचा म्हणजे किती हे कधीच ठरत नव्हतं. आता त्या आपला भात काट्यावर ठेवून घेतात आणि कुणी आग्रह केला तर काट्याकडे बोट दाखवतात. घरात वाद न होता प्रमाण ठरवायची सोय म्हणूनही या वस्तूला मी पूर्ण गुण देईन.

आता उणिवा. माझा काटा दोनेक मिनिटांत आपोआप बंद होतो. भाजी चिरता चिरता बंद पडला की शून्य केलेला आकडा जातो, मग सगळं पहिल्यापासून. ही सवय बहुतेक काट्यांना असते, म्हणून बंद व्हायला जास्त वेळ घेणारा मिळाला तर तोच घ्या. १ ग्रॅमच्या काट्यावर चिमूटचिमूट हळूहळू टाकलं तर तो ते धरत नाही, शून्यावरच राहतो. मीठ, हळद, तीळ असल्या गोष्टींसाठी त्याचा भरवसा नको. गरम कढई थेट ठेवू नका, आकडा नाचतो आणि काट्याचं आयुष्यही कमी होतं. मी वर लाकडी पोळपाट उपडा ठेवते, शून्य करते आणि मग कढई ठेवते. सेल उतरायला लागले की आकडे भरकटतात. त्यासाठी अधूनमधून अर्धा लिटर पाणी मोजून बघते, ५०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आणि बटणांपाशी पीठ साचतं, ते रोज कोरड्या फडक्यानं पुसावं लागतं.

मोजल्यामुळे खाणं कमीच झालं असं नाही. प्रथिनं वाढली. आपल्याकडच्या शिफारशीत निरोगी माणसाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना त्याहून जास्त घेतली तर स्नायू टिकायला मदत होते, म्हणून मी सव्वा ते दीड ग्रॅम धरते. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम २०-२५ ग्रॅम. हे काट्यानेच दाखवलं. मग वरण घट्ट केलं, सकाळच्या पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी आली, दुपारी मटकीची उसळ, आठवड्यातून एकदोनदा सोयाबीनच्या वड्या. रात्री नऊला फ्रिजपाशी जायची माझी सवय यानंतर सुटली, कारण भूकच राहिली नाही.

डंबेलबद्दल थोडक्यात लिहिते, कारण व्यायाम प्रकृतीप्रमाणे वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे. चालणारे पुष्कळ असतात, दुसरा भाग बहुतेकांचा राहतो. मी छातीशी डंबेल धरून बैठका, कंबरेतून वाकून उचलणं, एका हाताने ओढणं, खांद्यावरून वर ढकलणं आणि ओट्याला हात टेकून जोर असे पाच प्रकार करते, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. बारा वेळा सहज व्हायला लागलं की दोन्ही बाजूंना छोटी प्लेट वाढवायची, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. तेच वजन महिनोन् महिने उचलत राहिलं तर शरीराला बदलायचं कारणच उरत नाही. यात चालण्यापेक्षा जास्त कॅलरी जळतात असं समजू नका. उतरणारं वजन चरबीचं असावं, स्नायूंचं नसावं, यासाठी हे करायचं.

माझा पहिला संच प्लॅस्टिकच्या आत सिमेंट भरलेल्या प्लेटांचा होता. त्या जाड असतात, बैठक मारताना मांडीला लागतात आणि एकीला तडा जाऊन भुगा सांडला. आता लोखंडी आहेत. दांड्याच्या टोकाची नटं वापरताना सैल होतात, प्रत्येक फेरीआधी आवळून बघायलाच हवीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली रबरी मॅट घाला.

डंबेल सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माझं वजन किलोभर वाढलं. बरेच जण नेमके इथेच सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगते. नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, ते पाणी वजनात दिसतं. बायकांना पाळीच्या आधीही असंच होतं, लोणचं-पापड जास्त झाले तरी होतं. म्हणून मी रोज सकाळी वजन करते, पण धरते ती आठवड्याची सरासरी, आणि तुलना करते ती मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच आठवड्याशी. कंबर मात्र टेपने बेंबीशी, श्वास सोडून. त्या दोन-तीन आठवड्यांत वजन वाढलं तेव्हा कंबर कमीच होत होती.

आपल्या लोकांनी तर कंबरेलाच जास्त मान द्यावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आकडे दिले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी किती लपलेली असते, ते यावरून कळतं. म्हणूनच भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात, पुरुषांसाठी ९०. माझे २ सेंटीमीटर अजून बाकी आहेत.

मधे गणपतीत आणि दिवाळीत मी कमी खाणं पूर्ण थांबवलं होतं. वजन टिकेल एवढं खायचं, व्यायाम चालू ठेवायचा. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे कमी खाणं आणि दोन आठवडे विश्रांती अशा क्रमाने पुरुषांचं वजन सलग डाएटपेक्षा जास्त उतरलं होतं. व्यायाम करणाऱ्यांवरच्या नंतरच्या अभ्यासात चरबी घटण्यात तसा फरक दिसला नाही. मला मिळालेला फायदा वेगळाच आहे. उकडीचे मोदक सगळ्यांच्या पंक्तीत बसून खाल्ले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा काट्यावर यायला मन कुरकुरलं नाही.

ज्यांना खाण्याच्या बाबतीत आधीपासून धास्ती आहे, उपाशी राहणं किंवा खाऊन ओकणं असा त्रास कधी झालेला आहे, त्यांनी घरात असा काटा आणू नये. वाढत्या वयाच्या मुलींना तर अजिबात लावू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणं घटवण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका. आणि वजन अडकण्यासोबत थकवा, केस गळणं, थंडी सहन न होणं असं काही असेल तर थायरॉइडची तपासणी आधी करा. मी ती करून घेतली होती, रिपोर्ट ठीक आल्यावरच काटा घेतला.

घ्यायचा असेल तर ५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा घ्या, माझा पाचशे-सातशेच्या घरातला आहे. आकडा दिसायची पट्टी पुढे आलेली हवी, नाहीतर मोठं पातेलं ठेवल्यावर ती झाकली जाते. ब्लूटूथ आणि ॲप असलेले महाग मिळतात, त्याची गरज मला एकदाही पडली नाही, वही पुरते. डंबेलच्या लोखंडी प्लेटा व्यायामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सुट्या, किलोच्या भावाने मिळतात. सुरुवातीला दोन्ही मिळून १० किलो पुरे, पुढच्या प्लेटा लागतील तशा आणा.