व्हिट्रेबॉन्ड प्लस: खोल दाढेच्या तळाला हवाच, कडेला नको

दातांच्या रंगाच्या फिलिंगखाली लायनर, म्हणजे खड्ड्याच्या तळाला लावायचा पातळ संरक्षक थर, घालायचा की नाही, यावरून आम्हा डेंटिस्टांमध्ये सरळ दोन तट आहेत. काही जण प्रत्येक दाढेत घालतात, तर काही जण म्हणतात बॉन्डिंग, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणं, नीट केलं की लायनरचं कामच उरत नाही. माझं क्लिनिक ठाण्यात, नौपाड्यात. व्हिट्रेबॉन्ड प्लस हा लायनर मी बरीच वर्षं वापरतेय. नवीन क्लिनिक टाकलेल्या ज्युनिअर्सचा "मॅडम, घेऊ का?" हा प्रश्न नेहमीचा, म्हणून सविस्तर लिहिते. पेशंटनीही जरूर वाचावं, दाढ त्यांचीच असते.

व्हिट्रेबॉन्ड थ्रीएम कंपनीचा, २०२४ मध्ये त्यांचा आरोग्य विभाग वेगळा होऊन सोल्व्हेंटम झाला, त्यामुळे डब्यावर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. हा रेझिन (प्लॅस्टिकसारखं द्रव्य) मिसळलेला ग्लास आयोनोमर आहे, म्हणजे काचेची पूड आणि आम्ल मिळून घट्ट होणारं सिमेंट. ग्लास आयोनोमर दाताच्या कॅल्शियमला थेट चिकटतो, फ्लोराइड सोडतो, आणि रेझिनमुळे लाइट मारला की लगेच घट्ट होतो. जुन्या व्हिट्रेबॉन्डमध्ये पूड आणि थेंब मोजावे लागायचे. प्लसच्या क्लिकरमधून (दाबायच्या डिस्पेन्सरमधून) पेस्ट आणि लिक्विड ठरलेल्या मापात पॅडवर येतात, त्यामुळे असिस्टंट बदलली तरी मिश्रण तेच राहतं. मला याची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. भराभर घोटायचा आणि वर चकाकी आहे तोवरच लावायचा. चकाकी मावळली की तो दाताला नीट धरत नाही. उरलेला तसाच टाकून द्या, वाया जाईल म्हणून वापरू नका. बॉल अॅप्लिकेटरच्या टोकावर अगदी कणभर घेऊन सगळ्यात खोल जागी टेकवायचा. थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नको.

आता तो कशासाठी? कॉम्पोझिट, म्हणजे दातांच्या रंगाचं फिलिंग, घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. ती ओढ तळावर आणि कडांवर पडते. तळ सुटला की खाली फट राहते, चावताना डेंटिनच्या (दाताच्या आतल्या थराच्या) सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशंट म्हणतो, "भरल्यापासून चावलं की कळ येते." खोल दाढेत लायनर त्या नळ्यांची तोंडं झाकतो. पण हेही सांगायलाच हवं की २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) लायनरमुळे फिलिंगनंतरची सणक कमी होते, याला भक्कम पुरावा सापडला नाही. म्हणून उथळ खड्ड्यात मी तो घालत नाही. तिथे बॉन्डिंग पुरतं.

कडेची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझा खरा आग्रह तिथेच आहे. डेंटिस्ट बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक अॅसिडने इनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण कवच) खरखरीत करून त्यावर रेझिन पक्कं चिकटवून दाखवलं. आजही फिलिंगची कड टिकते ती इनॅमलच्याच जिवावर. त्या कडेवर लायनर आला की ते चिकटणंच गेलं.

या पावसाळ्यात कळव्याहून एक काकू आल्या होत्या. "डॉक्टर, गार पाणी लागलं की जीव जातो हो. आत्ताच तर भरून घेतली होती दुसरीकडे." दोन दाढांच्या मधून फ्लॉस घातला तर धागा पिंजून बाहेर आला. हिरडीलगत तपकिरी रेघ. रबर डॅम (दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावून फिलिंग उघडलं. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लायनर पार हिरडीकडच्या कडेपर्यंत फासलेला होता. कडेचा भाग विरघळून गेला होता आणि उरलेला एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार सळई) लागताच पिठासारखा निघाला. त्या पोकळीतूनच पाणी आत जात होतं.

कीड साफ केल्यावर खालच्या कडेला इनॅमल उरलंच नव्हतं. अशा ठिकाणी व्हिट्रेबॉन्ड नसेजवळच्या भागापुरता लावला आणि कडेला फुजी टू एलसी हा फिलिंगचा ग्लास आयोनोमर आणला, म्हणजे ओपन सँडविच: कडेला ग्लास आयोनोमर उघडा, वर कॉम्पोझिट. मग सेक्शनल मॅट्रिक्स (दाढेच्या बाजूला लावायची पातळ पट्टी), ती दाबून धरणारी घट्ट वेज (पाचर), आणि वर दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत कॉम्पोझिट. पॉलिश झाल्यावर काकूंच्याच हातात फ्लॉस दिला. "अगं बाई, अडकत नाही की आता!" त्यांचा चेहरा बघूनच मला बरं वाटलं.

काही गोष्टी लक्षात ठेवा. नस उघडी पडली असेल तर हा लायनर तिथे अजिबात नको. नस झाकायची सिमेंटं, एमटीए किंवा बायोडेंटिन, वापरा. बायोडेंटिनला घट्ट व्हायला १२ मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. लिक्विडमध्ये एचईएमए हे अॅलर्जी करू शकणारं रसायन असतं आणि ते ग्लोव्हमधूनही आत शिरतं, म्हणून बोटाला लागलं तर ग्लोव्ह लगेच बदला. हे असिस्टंटलाही बजावून सांगा, तिच्या हातांची काळजी आपणच घ्यायची. आणि जुन्या पिशवीतला युजेनॉलवाला (लवंगतेलातल्या घटकाचा) सिमेंट कॉम्पोझिटखाली कधीच नको, त्याने रेझिन नीट घट्ट होत नाही.

दुसरा कुठलाही लायनर घेणार असाल तर तो एक्स-रेत पांढरा दिसतो का, एवढं आधी विचारा. नाहीतर पुढचा डॉक्टर त्या काळ्या पट्ट्याला कीड समजून चांगली दाढ पुन्हा उकरेल. व्हिट्रेबॉन्ड एक्स-रेत दिसतो. खोल दाढा रोज हाताळत असाल तर जरूर घ्या. महिन्याकाठी एखादीच येत असेल तर तेच पैसे आधी रबर डॅमच्या किटवर घाला. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत, पेशंट तोंडाने श्वास घेत असताना, कड कोरडी ठेवायला दुसरा खात्रीचा उपाय माझ्या बघण्यात नाही.