लाँच होण्याआधीचा दर: घोडबंदर रस्त्यावर अडकलेले एकवीस लाख

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहप्रकल्पात आमचे एकवीस लाख रुपये अडकले. त्यांपैकी तीन लाख परत मिळाले असून उरलेल्या रकमेसाठी झगडा चालू आहे. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आम्हांला दाखवलेल्या कागदांपैकी एकही बनावट नव्हता. प्रत्येक कागद खरा होता, फक्त तो आम्ही घेत असलेल्या सदनिकेचा नव्हता. घर घेताना बनावट कागदपत्रांची भीती सगळेच घालतात, पण खऱ्या कागदांनी कसे फसवले जाते हे फारसे कोणी सांगत नाही.

आम्ही दोघेही नोकरदार. एकाचे कार्यालय अंधेरीत, दुसऱ्याचे मुलुंडला. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी वाढणारे भाडे आणि दलालाला द्यावे लागणारे एक महिन्याचे भाडे या चक्रातून सुटायचे म्हणून घर बघायला सुरुवात केली. मुंबईत आमच्या आवाक्यातले काही सापडेना. ठाण्यात जुनी घरे पाहिली, तर मालक किमतीचा काही भाग रोखीत मागत, आणि रोखीच्या भागावर ना कर्ज मिळते, ना पावती. नवीन बांधकामात रोखीची भानगड नव्हती. परंतु भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेले नसेल तर पाच टक्के जीएसटी, शिवाय ठाण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क (खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असल्यास एक टक्का कमी) आणि तीस हजार रुपये नोंदणी शुल्क. हा सगळा वरचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा, म्हणजे सव्वा कोटीच्या घरासाठी कर्जाव्यतिरिक्त किती शिल्लक हवी याचा हिशेब केला की माणूस मुकाट्याने भाड्याच्या घरात परततो. अशा हिशेबात 'लाँच होण्याआधीचा दर' हे शब्द कानाला किती गोड लागतात, हे वेगळे सांगायला नको.

हे शब्द आमच्या कानावर घातले ते एका चॅनल पार्टनरने. विकासकाकडून दलाली घेऊन ग्राहक आणणाऱ्या मध्यस्थाला हल्ली दलाल म्हणत नाहीत. एक लाखाचा धनादेश आणि एक अर्ज एवढेच द्यायचे, त्याला 'ईओआय' म्हणजे स्वारस्य दर्शवणे म्हणतात, पसंत पडले नाही तर पैसे परत, असे त्याने सांगितले. त्यानंतर रविवारी संध्याकाळी आम्हांला विक्री कार्यालयात बोलावले. मध्यभागी दिवे लावलेली प्रकल्पाची प्रतिकृती, भिंतीवर मजल्यांचा तक्ता, त्यावर विकल्या गेलेल्या सदनिकांवर लाल टिकल्या. कोणी बुकिंग केले की घंटा वाजवायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि तक्त्यावर आणखी एक टिकली चिकटायची. तासभर बसल्यावर माझ्या लक्षात आले की घंटा वाजल्यावर टिकली लावणारा मुलगा दर वेळी तक्त्याच्या वरच्याच भागात लावत होता, आणि आम्हांला दाखवलेल्या सातव्या ते बाराव्या मजल्यांवर मात्र नेमक्या दोनच जागा मोकळ्या राहिल्या होत्या. आपण बसलेल्या टेबलापुरता तुटवडा निर्माण करण्याची ही कला पाहण्यासारखी असते.

किंमत सांगितली एक कोटी बारा लाख, 'सगळे धरून'. मी महारेराचा, म्हणजे राज्यातील गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागितला. विक्री अधिकाऱ्याने अजिबात आढेवेढे न घेता माहितीपत्रकावरचा क्यूआर कोड पुढे केला. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत असा कोड छापणे महारेराने बंधनकारक केले आहे. मोबाइलवर कोड टिपताच महारेराच्या संकेतस्थळावरचे खरेखुरे पान उघडले. ठाणे जिल्ह्यातील जुन्या प्रकल्पांचे क्रमांक जसे पी517 ने सुरू होतात तसाच क्रमांक, विकासकाचे नाव तेच, प्रकल्पाचे नावही तेच. मात्र नावाच्या पुढे 'फेज 1' असे लिहिलेले होते आणि इमारतींच्या यादीत केवळ 'ए' आणि 'बी' या दोन इमारती होत्या. आम्हांला विकली जात होती ती 'डी' इमारतीतील सदनिका. विचारल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, एकच लेआउट आहे, हाच नंबर पुढे एक्स्टेंड होतो." असे काहीही होत नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानला जातो, त्याची वेगळी नोंदणी करावी लागते आणि नोंदणीपूर्वी त्यातील सदनिकांची जाहिरात करता येत नाही किंवा बुकिंगही घेता येत नाही. म्हणजे ती घंटा, त्या टिकल्या आणि आमचा ईओआय, सगळेच बेकायदेशीर होते.

याहून हुशारीचा भाग पैशांच्या विभागणीत होता. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ही गोष्ट आता बऱ्याच ग्राहकांना ठाऊक असते आणि विक्री कार्यालयालाही ते ठाऊक असते. म्हणून आमच्याकडून विकासकाच्या नावे घेतलेली रक्कम होती एकूण अकरा लाख, दहा टक्क्यांच्या किंचित आत. उरलेले दहा लाख 'पायाभूत सुविधा ठेव' या नावाखाली दुसऱ्याच एका कंपनीच्या नावे मागितले गेले. "ग्रुपचीच सिस्टर कन्सर्न आहे," असे सांगण्यात आले, आणि दोन्ही कंपन्यांचा पत्ता एकच असल्यामुळे ते पटण्यासारखेही होते. वास्तविक जुलै 2024 पासून लागू झालेल्या महारेराच्या नियमानुसार प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे ग्राहकांकडून पैसे स्वीकारण्याचे एक ठरलेले बँक खाते असते आणि सदनिकेपोटीची सर्व रक्कम त्याच खात्यात जायला हवी. धनादेशावर लिहायला सांगितलेले नाव आणि ते खाते जुळत नसेल, तर तिथेच पेन खाली ठेवावे.

पावतीची भाषाही लक्षपूर्वक वाचण्यासारखी होती. अकरा लाखांच्या पावतीवर 'स्वारस्य दर्शविल्याबद्दल प्राप्त रक्कम' असे लिहिलेले होते, इमारत आणि सदनिका क्रमांकाच्या जागी शिशपेन्सिलीने 'डी-902' असे नोंदवलेले. दहा लाखांच्या पावतीवर सदनिकेचा उल्लेखच नव्हता.

आमचा संशय दूर झाला तो बँकेच्या पत्रामुळे, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विक्री कार्यालयातच एका बँकेचा प्रतिनिधी बसलेला होता. पगाराच्या स्लिपा आणि विवरणपत्रे घेऊन त्याने थोड्याच दिवसांत पंच्याऐंशी लाखांचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र आणून दिले. एवढी मोठी बँक कर्ज देते म्हणजे तिने कागद तपासलेच असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते पत्र आमचा पगार आणि परतफेडीची क्षमता पाहून दिलेले होते; इमारतीची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी ही वेगळी पायरी असते व ती कर्ज वितरणापूर्वी होते. पत्राच्या अटींमध्ये ते स्पष्ट लिहिलेलेही असते. पुढे माझ्या पगाराचे खाते असलेल्या बँकेच्या शाखेत मी तेच कागद घेऊन गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला की 'डी' इमारतीचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र कुठे आहे. ते नव्हतेच.

मग महारेराच्या पानावर फेज 1 साठी जोडलेला मंजूर नकाशा नीट उघडून पाहिला. ज्या जागेवर प्रतिकृतीत 'डी' इमारत उभी होती, तिथे मंजूर नकाशात फेज 1 च्या रहिवाशांसाठी राखलेली करमणुकीची मोकळी जागा दाखवली होती. त्या इमारतींमध्ये राहायला आलेल्या काही कुटुंबांशी बोलल्यावर कळले की त्यांना त्यांचे घर विकताना हीच मोकळी जागा मुलांचे मैदान म्हणून दाखवली होती. मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते, आणि ती मागायला त्यांच्याकडे कोणीही आलेले नव्हते. एकच जमीन आधी मैदान म्हणून विकली गेली आणि नंतर त्यावरचे घर म्हणून आम्हांला.

बुकिंग रद्द करायला गेल्यावर विक्री कार्यालयातील वागणूक एकदम बदलली. प्रथम अर्जातील एका कलमाकडे बोट दाखवून किमतीच्या दहा टक्के कापून घेऊ असे सांगण्यात आले. म्हणजे विकासकाच्या नावे भरलेले सगळेच. वकिलाची नोटीस गेल्यावर तडजोड पुढे आली: अकरा लाखांचे पुढील तारखांचे तीन धनादेश घ्या आणि त्या बदल्यात मूळ पावत्या व 'कोणतीही तक्रार उरलेली नाही' असे प्रतिज्ञापत्र द्या. धनादेश घेतले, मूळ पावत्या आणि प्रतिज्ञापत्र दिले नाही. पहिला तीन लाखांचा धनादेश वटला, पुढचे दोन अपुऱ्या शिलकीमुळे परत आले. सिस्टर कन्सर्नच्या दहा लाखांबद्दल तर "त्या कंपनीशी आमचा संबंध नाही" असे उत्तर मिळाले. पैसे घेताना जो ग्रुप होता तो पैसे परत देताना राहिला नाही.

महारेराकडे तक्रार करता येते, पाच हजार रुपये शुल्क भरून ती संकेतस्थळावरूनच दाखल होते, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पाविरुद्धही ती दाखल करता येते. आम्हांला उरलेले आठ लाख व्याजासह परत देण्याचा आदेश मिळाला. व्याजाचा दर नियमाने ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) अधिक दोन टक्के. पण आदेश मिळणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. विकासकाने रक्कम भरली नाही तर महारेरा वसुलीचे वॉरंट काढते, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याचे काम तहसीलदाराकडे येते. आमचे वॉरंट सध्या तिथे आहे. दहा लाखांचा वाद वेगळा चालू आहे, कारण त्या पावतीवर सदनिकेचे नाव नाही.

कोणी म्हणेल, आमचे निदान कागद तरी खरे होते. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या वापरून 65 इमारतींची महारेरा नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे लोक राहत होते, कर्जाचे हप्ते भरत होते. म्हणून महारेराच्या पानावरील बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र डाउनलोड करून त्याच क्रमांकाची नोंद महापालिकेच्या नगररचना विभागात आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या इमारतीचे नाव, विंग आणि मजला त्या प्रमाणपत्रात आहे का, हेही तिथेच पाहावे. मध्यस्थाचाही महारेरा नोंदणी क्रमांक असतो, तो 'ए' या अक्षराने सुरू होतो. आमच्या चॅनल पार्टनरकडे तो नव्हता.

ज्यांनी अशा योजनेत आधीच पैसे भरले आहेत, त्यांनी विक्री कार्यालयाचे सर्व व्हॉट्सॲप संदेश, दरपत्रके आणि तक्त्याचे फोटो जपून ठेवावेत. सदनिका क्रमांकाचा उल्लेख असलेला एक साधा संदेशही पुढे पुरावा ठरतो, आमच्या बाबतीत दहा लाखांचा संबंध 'डी-902' शी जोडणारा तोच एक धागा आहे. परतीचे धनादेश घेतले असतील तर ते त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरावेत. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. "पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा, नक्की वटेल" असा फोन या तीस दिवसांत हमखास येतो. तो आला तरी नोटीस थांबवू नये.