‘टाइप-सी आहे ना भाऊ, म्हणजे थंडरबोल्टच!’ : ऑडिओ इंटरफेस घेताना मी कसा फसलो

नागपूरच्या नंदनवनात आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या, एक कंडेन्सर माइक, विंडोजचा लॅपटॉप, माइकचा आवाज लॅपटॉपात नेणारा ऑडिओ इंटरफेसचा डबा आणि खिडकीत कूलर. टेक सुरू झाला की कूलर बंद, टेक संपला की पहिला धावत जाईल तो कूलर लावतो. चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतं, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती, लग्नसराईत संगीताचे ट्रॅक, यावर आमचा गाडा चालतो.

यंदा मार्चमध्ये एक गायिका ताई आल्या. हेडफोन लावला, पहिली ओळ गायल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, “दादा, माझाच आवाज माझ्या मागून येऊन राहिला.” मी बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज साठवून मग पुढे पाठवतो ती साठवण, कमी केला, तर आवाज तडतडायला लागला. वाढवला की पुन्हा तेच. शेवटी त्यांनी एका कानाचा हेडफोन काढून कसंबसं गाणं पूर्ण केलं. त्यांचा चेहरा काही मला बरा वाटला नाही. गाणारा माणूस दुसऱ्यांदा येतो की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच ठरतं.

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीतल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. प्रश्न एका दुकानाचा असता तर लिहिण्याची गरजही पडली नसती.

दुकानदार बोलायला गोड. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, “भाऊ, तुमचा रोग मला समजला. तुम्ही यूएसबीवर अडकून राहिले. यूएसबी म्हणजे पेनड्राइव्हसाठी. रेकॉर्डिंगला थंडरबोल्ट पाहिजे. झीरो लेटन्सी!” थंडरबोल्ट म्हणजे यूएसबीपेक्षा वेगवान जोडणी, आणि लेटन्सी म्हणजे आवाज निघाल्यापासून कानात पोचेपर्यंतचा उशीर. मी विचारलं, माझ्या लॅपटॉपला चालेल का? त्यानं लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला, बाजूच्या टाइप-सी पोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “टाइप-सी आहे ना भाऊ, म्हणजे थंडरबोल्टच झालं ना ते!”

हे एक वाक्य मला महागात पडलं. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्या आकारामागे यूएसबी २.० असू शकतं, ३ असू शकतं, थंडरबोल्ट ३ किंवा ४ असू शकतं. नुसतं चार्जिंगही असू शकतं. पोर्टशेजारी विजेचं बाणासारखं चिन्ह छापलेलं असेल तर बहुधा थंडरबोल्ट, तरीही लॅपटॉपचं मॉडेल टाकून कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये पाहावंच. माझ्या लॅपटॉपला ते चिन्ह नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. आपल्याला जे ऐकायचं असतं ते समोरच्यानं सांगितलं की माणूस पोर्टाकडे कशाला बघतो?

मग डेमो. हा डेमो नीट वाचा, कारण सगळी मेख यातच आहे. काउंटरवर त्याचा मॅक होता, त्याला एक देखणा अॅल्युमिनियमचा डबा जोडलेला. हेडफोन माझ्या कानाला लावला, माइक पुढे केला, म्हणाला, गा. मी गायलो. आवाज गळ्यातून निघाला न निघाला तोच कानात. खरंच शून्य. स्क्रीनवर त्यानं रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, लावलेला दिसत होता, पण कानात आवाज कोरडाच येत होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हटलं, एखादा ट्रॅक लावा, त्याच्यावर गाऊन पाहतो. तर म्हणाला, “आधी आवाज तर ऐका भाऊ, ट्रॅक कुठं पळून जाते?”

डब्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनच्या जॅकशेजारी एक लहानसा मिक्स नॉब होता. त्याच्या एका टोकाला इनपुट, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर. नॉब पूर्ण इनपुटकडे फिरवलेला होता. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. माइकचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता डब्यातूनच परस्पर हेडफोनात येतो. त्यात उशीर नसतोच. केबल कोणतीही असो, यूएसबी असो की थंडरबोल्ट, या वाटेवर केबल येतच नाही. तसाच नॉब माझ्या घरच्या जुन्या डब्यालाही होता. गाणाऱ्याला कानात रिव्हर्ब लागतो म्हणून मी तो कधी वापरायचो नाही. मी अडतीस हजार मोजले ते माझ्या घरात आधीच असलेली गोष्ट ऐकून.

अडतीस हजारांतले वीस रोख, अठरा यूपीआय. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी लागते, तुमचंच नुकसान.” एका एस्टिमेटच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. वर साडेचार हजारांचं एक पांढरं अडॅप्टर, कारण डबा थंडरबोल्ट २ चा होता आणि त्याचं तोंड जुन्या मिनी डिस्प्लेपोर्टसारखं असतं.

घरी येऊन जोडलं. काहीच नाही. लॅपटॉपला पत्ताच नाही की कुणी पाहुणा आलाय. ते अडॅप्टर फक्त थंडरबोल्टच्या पोर्टवर चालतं, साध्या टाइप-सीवर नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. ड्रायव्हर, म्हणजे डबा चालवणारा प्रोग्रॅम, घ्यायला कंपनीच्या साइटवर गेलो तर दोन शोध लागले. एक, या मॉडेलचा विंडोज ड्रायव्हर कंपनीनं कधी काढलाच नव्हता, फक्त मॅक. दोन, सीरियल नंबर टाकला तर तो आधीच कुणाच्या तरी नावावर रजिस्टर. म्हणजे ‘सीलपॅक आहे, फक्त डबा उघडून चेक केला’ हेही खोटं.

परत दुकानात. आता सूर बदलला होता. “मग डेस्कटॉप घ्या ना, त्यात थंडरबोल्टचं कार्ड टाकून देतो.” इथं मात्र माझ्या एका मित्रानं वाचवलं. तो धरमपेठेत एका स्टुडिओत इंजिनिअर आहे. फोनवरच ओरडला, “येडा झाला का बे? मदरबोर्डवर त्याचा हेडर लागते, कोणत्याही पीसीत कार्ड टाकलं म्हणून थंडरबोल्ट चालू होत नाही!” कार्डाला मी नाही म्हटलं. पैसे परत मागितले तर दुकानदारानं वर पाहिलंही नाही. “विकलेला माल परत नाही, पण तुमच्यासाठी एक्सचेंज करून देतो.” नऊ हजार वर घेऊन त्यानं नवा डबा दिला. हा खरंच नवा होता. मागे चकचकीत टाइप-सी पोर्ट. “पाहा, डायरेक्ट टाइप-सी. थंडरबोल्टच आहे, अडॅप्टरची झंझटच नाही.” अडॅप्टरचे साडेचार हजार मात्र परत आले नाहीत.

हा डबा लॅपटॉपला लगेच ओळखीचा झाला, म्हणून मीही खूश. पण हेडफोनातला आवाज अजूनही मागूनच येत होता.

रविवारी मित्र त्याचा मॅक घेऊन वर आला. डबा जोडला, सिस्टिम रिपोर्ट उघडला. थंडरबोल्टच्या यादीत काही जोडलेलंच नव्हतं. यूएसबीच्या यादीत आमच्या डब्याचं नाव, आणि त्याच्यापुढे वेग: ४८० मेगाबिट प्रतिसेकंद. म्हणजे यूएसबी २.०, सन २००० चं. पोर्ट नवं, आत तेच जुनं. माझ्या कपाटात पडलेल्या जुन्या डब्यासारखंच. एकूण एक्कावन्न हजार पाचशे रुपये घालवून मी जिथं होतो तिथंच उभा होतो.

मित्र हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं एक कागद घेतला आणि हिशोब मांडला. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेतले तर, एका चॅनेलला सेकंदाला साधारण सव्वा मेगाबिटच्या आतच लागतात, नेमके १.१५. दोन आत, दोन बाहेर धरले तर ४.६. यूएसबी २.० मध्ये जागा ४८० ची. शंभरातला एक भागही भरत नाही. “एवढ्यासाठी तुला थंडरबोल्टचे ४० हजार मेगाबिट कशाला पाहिजेत? बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी. रस्ता आठपदरी केला म्हणून चौकातला सिग्नल लवकर हिरवा होत नाही.”

सिग्नल म्हणजे बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. एकदा आत येताना, एकदा बाहेर जाताना, शिवाय कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर स्वतःसाठी थोडं राखून ठेवतात ते वेगळं. तेच ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल केलं तर एका बाजूचे २.७ मिलिसेकंद. हे गणित केबल कोणतीही लावली तरी सारखंच. फरक पडतो तो इतक्या लहान बफरवर आवाज न तडतडता ड्रायव्हर तग धरतो का, यात.

मग त्यानं माझा कपाटातला जुना डबा काढायला लावला. डब्याच्या मागच्या आउटपुटमधून एक केबल काढून त्याच डब्याच्या इनपुटात खोचली. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिक वाजवली आणि तीच क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. झूम करून दोन क्लिकांमधलं अंतर मोजलं. सॉफ्टवेअरची उशीर भरून काढायची सेटिंग त्यानं आधी बंद केली होती, नाहीतर आकडा खोटा येतो. ४४.१ किलोहर्ट्झवर अंतर आलं २४०० सॅम्पल, म्हणजे ५४ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेअठरा मीटर जातो. ताई खरंच सांगत होत्या. त्यांचा आवाज गल्लीच्या त्या टोकावरून ऐकू यावा तसा येत होता.

कारण? दीड वर्षापूर्वी लॅपटॉप फॉरमॅट केला तेव्हा कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजवर आवाज कमी उशिरात नेणारा, टाकायचा राहिला. सगळ्यांना चालतो म्हणून फुकटचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकला आणि तडतड होते म्हणून बफर १०२४ वर नेऊन ठेवला. कंपनीचा ड्रायव्हर त्या दिवशी टाकला, १२ एमबीचा. डबा हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावला, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स केला. लेटन्सीमॉन नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं तडतडीचं बोट वायफायच्या ड्रायव्हरकडे दाखवलं, म्हणून टेकच्या वेळी वायफाय बंद. ४८ किलोहर्ट्झला, १२८ वर पुन्हा मोजलं. ४४० सॅम्पल, नऊ मिलिसेकंदांच्या थोडं वर. ढोलकीवाला तीन मीटरवर बसला तर त्याची थाप आपल्या कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो.

थंडरबोल्ट वाईट आहे असं म्हणायचं नाही. धरमपेठेतल्या त्या स्टुडिओत एकाच वेळी चोवीस चॅनेल आत येतात, तिथं तो शोभतो. चांगल्या ड्रायव्हरसोबत तो आणखी लहान बफरवर नेता येतो, हेही खरं. पण एक माइक आणि एक ढोलकी घेणाऱ्यानं केबलचं नाव विचारण्याआधी ‘या मॉडेलचा विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, आणि शेवटचा कधी आला’ हे विचारावं. मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं. जाता जाता, जुने फायरवायरचे डबे ‘प्रो क्वालिटी, पडत्या भावात’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. लॅपटॉपला ते पोर्ट येणं कधीच बंद झालं, आणि ॲपलनं २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून त्याचा आधारही काढून टाकला.

पैशांचं काय झालं, असं सगळे विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे तिथून कळल्यावर जीव थोडा भांड्यात पडला. पण पुरावा म्हणून हातात काय? यूपीआयच्या नोंदी आणि एस्टिमेटची चिठ्ठी. रोख दिलेल्या वीस हजारांचा तर कागदच नाही. अठरा टक्के वाचवायला गेलो ते असे. एक मात्र बरं झालं, ‘थंडरबोल्टच आहे’ हे त्यानं व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं होतं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि मॅकच्या रिपोर्टचा फोटो एकत्र पाठवल्यावर नऊ हजार परत आले. बाकीचं अजून चालू आहे.

ताईंना मी स्वतः फोन करून पुन्हा बोलावलं. अकरा एप्रिलच्या रात्री जुन्याच डब्यावर, कूलर बंद करून, घामानं निथळत त्यांनी तीन टेकमध्ये गाणं दिलं. रिव्हर्ब कानात, कॉम्प्युटरमधून.

कागदपत्रांसाठी मागच्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. काउंटरवर एक कॉलेजचा पोरगा उभा, पाठीवर गिटारची बॅग, कानाला तोच हेडफोन, चेहऱ्यावर तेच हसू. दुकानदार सांगत होता, झीरो लेटन्सी. मी पुढे होऊन डब्यावरचा तो लहानसा नॉब पूर्ण दुसऱ्या टोकाला फिरवला आणि पोराला म्हटलं, “आता वाजव.”