आयसेनिया गांडुळांचं कल्चर: प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला कितपत चालतं?

खतासाठी विकलं जाणारं लाल गांडुळांचं कल्चर प्रयोगशाळेत टिकतं छान: अंधार, ओलावा, २० अंशांच्या आसपास तापमान, बस्स. खरी अडचण ओळखीची. आयसेनियाच्या ‘फेटिडा’ या प्रजातीची म्हणून आलेल्या डब्यात तिच्यासारखीच दिसणारी ‘आंद्रेई’ ही प्रजातीही अनेकदा मिसळलेली असते. डोळ्यांवर भरवसा नको. सीओआय जनुकाचं बारकोडिंग (त्याच्या डीएनए क्रमावरून प्रजाती ओळखणं) केल्याशिवाय जनुकीय निष्कर्ष काढूच नयेत.

जाड पट्टा उमटलेली प्रौढ गांडुळंच निवडा. ओल्या फिल्टर पेपरवर २४ तास उपाशी ठेवा, नाहीतर विष्ठेतले जीवाणू नमुन्यात उतरतात. मग सलाइनमध्ये ५ टक्के इथेनॉल आणि थोडं ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) घालून त्यात दोन-तीन मिनिटं ठेवलं की देहगुहेतल्या (शरीरभिंत आणि आतडं यांमधल्या पोकळीतल्या) प्रतिकारपेशी बाहेर येतात. ईडीटीए वगळलं तर गुठळ्या होतात. नमुना बर्फावरच हवा. यातल्या इलिओसाइट नावाच्या पेशी नाजूक, लगेच फुटतात. शिवाय त्यांच्यातलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) स्वतःच हिरवट चमकतं, त्यामुळे फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर) हिरवा चमकणारा रंग वापरणाऱ्यांची हमखास फसगत. लांब तरंगलांबीचा, लाल चमकणारा रंग घ्या.

टोल-सदृश ग्राही (जंतू ओळखणारी प्रथिनं) आणि लायसेनिन (पेशींच्या पटलाला छिद्र पाडणारं प्रथिन) यांच्या जनुकांच्या अभ्यासासाठी कल्चर उत्तम. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मात्र गांडुळात नसतातच. आणि हे कल्चर म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारख्या गांडुळांची शुद्ध वंशावळ नव्हे. म्हणून प्रत्येक गांडुळाचा नमुना वेगळा ठेवा, एकत्र मिसळू नका.