सांगली-मिरज रस्त्यावरचे विदेशी पाळीव प्राण्यांचे दुकान: पक्ष्यांसाठी जावे, सरड्यांसाठी नको

सांगली-मिरज रस्त्यावर एका व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर विदेशी पक्षी, लहान सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी विकणारे हे दुकान आहे. पूर्वी ते शहरातील एका जुन्या पेठेत तळमजल्यावर होते. २०१९ च्या महापुरात तेथे पाणी शिरले आणि मालकांनी वरच्या मजल्यावरची जागा शोधली. जिना अरुंद असल्यामुळे मोठा पिंजरा खाली उतरवताना कसरत होते; मात्र खोली हवेशीर आहे आणि पक्ष्यांच्या दुकानात शिरताच जाणवणारा उग्र दर्प येथे नाही. पिंजऱ्यांतील ट्रे रोज बदलले जातात, हे त्यांत अंथरलेल्या वर्तमानपत्रांच्या तारखांवरून सहज पडताळता येते. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या प्रत्येक दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र गल्ल्यामागच्या भिंतीवर, वाचता येईल अशा उंचीवर लावलेले आहे.

दुकानाची खरी ताकद पक्ष्यांच्या विभागात आहे. बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड आणि सन कॉन्युअर हे पोपटवर्गीय पक्षी येथे कायम उपलब्ध असतात. हाताने भरवून वाढवलेले कॉकाटीलचे पिल्लू तीन हजारांच्या आसपास मिळते. शहरातील इतर विक्रेत्यांच्या तुलनेत हा दर थोडा चढा असला, तरी पिल्लू स्वतः दाणे फोडून खाऊ लागल्याशिवाय ते विकले जात नाही, ही गोष्ट त्या जादा पैशांपेक्षा मोलाची आहे. अर्धवट भरवणीवरचे पिल्लू नवख्या माणसाच्या हाती देऊन ‘दिवसातून तीन वेळा सिरिंजने भरवा’ असे सांगणारे विक्रेते पुष्कळ आहेत, आणि अशा पिल्लांच्या श्वासनलिकेत अन्न जाऊन ती दगावतात. सन कॉन्युअरविषयी चौकशी करणाऱ्याला मालक आधी त्याचे घर कोठे आहे, हे विचारतात. दक्षिण अमेरिकेतील या पिवळ्या-केशरी पक्ष्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो, आणि सदनिकेत राहणाऱ्याला तो सांभाळताना शेजाऱ्यांशीही जुळवून घ्यावे लागते, हे ते विक्रीआधीच सांगतात.

कागदपत्रांच्या बाबतीतही दुकान जागरूक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यामुळे अशा प्रजातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये निघाले आणि अर्ज ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावा लागतो. बजरीगर आणि कॉकाटील या परिशिष्टांतून वगळलेले आहेत, सन कॉन्युअर मात्र त्यांत आहे. हा फरक दुकानातील मुलालाही नीट ठाऊक आहे. आफ्रिकन ग्रे पोपट येथे पिंजऱ्यात दिसत नाही. ‘साइट्स’च्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्याला सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात हलवण्यात आले, त्यामुळे त्याच्या पैदाशीसाठी परवाना लागतो, आणि परवानाधारक पैदासकाराची कागदपत्रे हाती आल्याशिवाय मालक त्याची मागणी नोंदवून घेत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षे जगू शकणारा पक्षी विकत घेणाऱ्याने आपले स्वतःचे वयही हिशेबात धरावे, असे ते हसत हसत सुचवतात.

भारतीय जातींना तर येथे थाराच नाही. आपला हिरवा राघू पाळणे बेकायदेशीर आहे, हे अनेक घरांत अजून माहीत नाही. घरात कासव आले की पैसा येतो, या समजुतीपोटी स्टार कासव मागणारेही नेहमी येतात. अशा एका वयस्कर गृहस्थांना मालकांनी दिलेले उत्तर मी ऐकले: “काका, ते कासव घरात ठेवलंत तर लक्ष्मी यायच्या आधी वनखातं येईल.” ज्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी शतकानुशतके जिवंत नागांसह साजरी होत आली आणि त्या प्रथेवर उच्च न्यायालयापर्यंत वाद झडले, तेथे कायदा इतक्या सोप्या शब्दांत सांगणारा दुकानदार असणे ही चांगलीच गोष्ट आहे.

एवढे सगळे असताना त्याच गल्ल्याशेजारी, प्लॅस्टिकच्या उथळ टबात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली रुपयाएवढी कासवे विकायला ठेवलेली दिसतात, तेव्हा आश्चर्य वाटते. रेड-इअर्ड स्लायडर ही मूळची अमेरिकेतील जात आहे. आज तळहातावर मावणाऱ्या या पिल्लाचे कवच पुढे पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, ते तीस वर्षे जगू शकते, आणि त्याला पोहण्यासाठी खोल पाणी, गाळणी यंत्र आणि उन्हात बसायला कोरडी जागा लागते. दुकानात त्याच्याबरोबर मिळते ते काय, तर प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडाचा टब आणि वाळवलेल्या कोळंबीची डबी. कासव मोठे झाले की लोक ते काळी खण या सांगलीतल्या तळ्यात किंवा थेट कृष्णेत सोडून देतात. तेथे ते ऊन खाण्याच्या जागेसाठी आणि अन्नासाठी स्थानिक कासवांशी स्पर्धा करते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. कासवांच्या अंगावरील साल्मोनेला जिवाणूंमुळे लहान मुले आजारी पडतात, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. येथे मात्र ती खास लहान मुलांसाठीच घेतली जातात, आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत एवढेही कोणी सांगत नाही.

हिरव्या इग्वानाची अवस्था याहून चिंताजनक आहे. काचेच्या टाकीत उबेसाठी साधा पिवळा दिवा लावलेला असतो; अतिनील-बी (यूव्हीबी) किरण देणारा दिवा दुकानात विक्रीलाही नाही. त्याऐवजी टाकी खिडकीजवळ ठेवण्याचा सल्ला मिळतो. पण काच हेच किरण अडवते, आणि ते मिळाले नाहीत तर इग्वानाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ पडून पाय वाकतात. शेपटीसह पाच-सहा फुटांपर्यंत वाढणारा हा प्राणी पूर्णपणे पालेभाजीवर जगतो. त्याला अधूनमधून उकडलेले अंडे द्यावे, हा येथील सल्ला सरळसरळ चुकीचा आहे. शेवग्याचा पाला सांगलीत जवळजवळ फुकट मिळतो, त्याचा मात्र कोणी उल्लेखही करत नाही. शुगर ग्लायडर हा मूळचा कळपाने राहणारा निशाचर प्राणी असूनही एकेकटा विकला जातो. त्याविषयी एवढेच पुरे.

खाद्याच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. सुट्या मिश्रणात सूर्यफुलाच्या बिया फार असतात. त्या पक्ष्यांना आवडतात, पण त्यांनी चरबी वाढते. गणपती पेठेत भुसाराच्या दुकानातून राळे, बाजरी आणि थोडी करडई आणून घरीच मिश्रण केले, तर ते स्वस्तही पडते आणि चांगलेही. आयात केलेल्या गोळी-खाद्याच्या (पेलेटच्या) पिशव्या फोडून लहान पुड्या केल्या जातात आणि त्यांवर मुदतीची तारीख नसते, म्हणून त्या घेऊ नयेत. पक्ष्यांना कॅल्शियमसाठी कुरतडायला दिला जाणारा समुद्रफेस मात्र येथे स्वच्छ आणि अखंड मिळतो. पक्ष्यासोबत दिले जाणारे मराठीतील छापील पत्रकही उपयुक्त आहे. अतिशय तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो आणि ॲव्होकाडो व चॉकलेट त्याला विषारी आहेत, हे त्यात ठळक अक्षरांत छापलेले आहे.

गावाला जाताना पक्षी सांभाळण्यासाठी ठेवून घेण्याची सोयही दुकान देते, पण ते पक्षी विक्रीच्या पक्ष्यांच्याच खोलीत राहतात. नव्याने आलेला पक्षी निदान महिनाभर वेगळा ठेवावा, हा पक्षीपालनातील पहिला नियम येथे पाळला जाणे त्यामुळे अशक्य होते. पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात आणि सांगलीत पक्ष्यांचे आजार जाणणारे पशुवैद्य मोजकेच आहेत. दुकानातून त्यासाठी पुण्याचा क्रमांक मिळतो, म्हणजे ऐन वेळी काही तासांचा प्रवास आलाच. तेव्हा ही सोय वापरण्यापेक्षा पक्षी शेजाऱ्यांकडे ठेवावा.

पैसे ऑनलाइनही घेतले जातात, पण पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. कॉन्युअर घेणाऱ्याने प्रजातीचे शास्त्रीय नाव, पायातील कडीचा क्रमांक आणि खरेदीची तारीख असलेले बिल घेतल्याशिवाय जिना उतरू नये. नोंदणीच्या अर्जाच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.