पायावरची गाठ: ऑपरेशन की इलेक्ट्रोकेमोथेरपी?

कुत्र्याची गाठ मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीचा एक कर्करोग, निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन आणि इलेक्ट्रोकेमोथेरपी (औषधाच्या जोडीला विजेचे झटके) असे दोन्ही पर्याय समोर ठेवले, की घरात दोन तट पडतात. आमच्याकडेही पडले.

गाठ पाठीवर किंवा कुशीवर असेल तर मी ऑपरेशनच म्हणेन. तिथे कातडी सैल असते, चहूबाजूंनी 2 सेंटिमीटर निरोगी भाग काढला तरी टाके बसतात. शिवाय काढलेली गाठ लॅबला जाते, कडा स्वच्छ आहेत का ते कळतं. ही खात्री दुसऱ्या उपचारात नाही, हे मान्यच.

पण गुडघ्याखाली एवढी कातडी आणायची कुठून? जखम उघडी ठेवून भरू द्यायची, नाहीतर दुसरीकडची कातडी लावायची. दोन्हींत कित्येक आठवडे पट्ट्या. आणि आमच्या खंडूची गाठ कळली ऐन जुलैत. आम्ही मुंबईत, पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंदमाताजवळ राहतो. पाऊस कितीही असो, कुत्र्याला खाली न्यावंच लागतं. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली तरी वरून पाणी शिरतं, आतला कापूस भिजतो, संध्याकाळपर्यंत वास सुटतो, की पुन्हा दवाखाना. पूर्वी पंजा कापला होता तेव्हा हे सगळं झालं होतं. खरं सांगायचं तर त्या ओल्या पट्टीनेच माझा निर्णय केला.

भूल दोन्हींकडे लागतेच. इलेक्ट्रोकेमोथेरपीत ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध शिरेतून देतात. एरवी हे औषध पेशीत जेमतेम शिरतं. काही मिनिटांनी गाठीवर इलेक्ट्रोड लावून 100 मायक्रोसेकंदांचे 8 विजेचे झटके देतात, गाठ मोठी असेल तर जागा बदलून पुन्हा. पेशींच्या आवरणाला तेवढ्यापुरती छिद्रं पडतात आणि औषध आत जातं. खंडूला काळी, कडक खपली धरली, कडेने थोडं पाणी आलं. गळ्यात कॉलर आणि फिरून आल्यावर पाय कोरडा करणं, एवढंच करावं लागलं. खपली पडायला वेळ लागला, पण खाली गुलाबी कातडी तयार होती.

मोठ्या गाठीवर गुण कमी येतो, कधी पुन्हा भूल द्यावी लागते. गाठ जवळच्या लसिकाग्रंथीत पसरली असेल तर हा उपचार एकटा पुरत नाही, म्हणून ग्रंथीची सुईने तपासणी आधी करून घ्या. ब्लिओमायसिन फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं, तेव्हा खोकणाऱ्या कुत्र्याबाबत डॉक्टरांशी नीट बोला.

तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं. पण गाठ लहान, पायावर आणि ग्रंथी स्वच्छ असेल, तर मी पुन्हा हाच उपचार निवडेन. फक्त भूल दिलेली असताना, झटक्यांआधी बायोप्सीसाठी छोटा तुकडा काढून घ्यायला सांगा, म्हणजे ग्रेड, कर्करोग किती आक्रमक आहे ते, तरी कळेल.